मागे राहिलेला थोरला भाऊ
(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात केलेले भाषण)





मला माझ्या धाकट्या बहिणीविषयी दोन शब्द बोलायला सांगितलंय. तुम्ही सगळे तिला आक्का म्हणायचे. मार्गशीर्षात ती गेली. तेव्हापासून मंडळी भेटायला येतात, समजूत घालतात. 'माळकऱ्यानं रडू नये. आत्म्याला का मरण आहे?' म्हणतात. बोलणं खरं आहे आणि मायेचंही आहे. पण माझ्या मनात सारखं येत होतं, आपल्या संप्रदायात धाकटी बहीण गेल्यावर मागे राहिलेला थोरला भाऊ कोण? तर निवृत्तीनाथ.

बघा माउली, आईबाप गेल्यावर या चार लेकरांत निवृत्तीनाथ थोरले. धाकट्यांचे ते भाऊ, आणि गुरूही तेच. कार्तिक वद्य त्रयोदशीला, शके 1218 मध्ये, ज्ञानोबारायांनी आळंदीला समाधी घेतली. महिन्याभरात सासवडला सोपानकाका गेले. पुढं शके 1219 च्या वैशाखात तापीकाठी वादळ उठलं, वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली. परंपरा सांगते, तिचं वय अवघं 18 वर्षांचं. त्यानंतर ज्येष्ठात निवृत्तीनाथांनी त्र्यंबकेश्वरी देह ठेवला. सात महिन्यांत सगळं घर रिकामं झालं.

आता मला सांगा, ज्ञानेश्वरी ज्यांच्या कृपेनं झाली, त्या निवृत्तीनाथांना आत्मा अमर आहे हे ठाऊक नव्हतं का? तरी माउलींच्या समाधीच्या वेळी त्यांना शोक आवरला नाही. नामदेवराय तिथं होते. त्यांनी समाधीच्या अभंगांत तो शोक लिहून ठेवला. झाकला नाही. संतांनीच तो आपल्यासाठी जपून ठेवलाय. मग कोणाच्या डोळ्याला पाणी आलं तर त्याची भक्ती कमी पडली असं म्हणू नका. माया होती म्हणून पाणी आलं.

आक्कानं 26 वर्षं तुळस डोक्यावर वाहिली. दिवेघाटात भले गडी दम खायला बसायचे. ही तुळस सावरत पुढं निघायची. मुक्कामाला पोचलं की आधी तुळशीला पाणी, मग म्हाताऱ्यांच्या पायांना तेल, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःची भाकरी. कोणी म्हणालं, 'आक्का, दमली असशील,' तर म्हणायची, 'पाय दमले, मी कुठं दमले?'

एका वारीत भिशीच्या हिशेबावरून एक जुने टाळकरी रुसले. वळकटी बांधून गावाकडं निघाले. चार मोठ्या माणसांनी समजावलं, पण ऐकेनात. आक्का ताट घेऊन त्यांच्यापुढं जाऊन बसली. म्हणाली, 'दादा, माणसं चुकली असतील. माउली चुकली का? तुम्ही जेवल्याबिगर मी घास घेणार नाही.' त्यांनी वळकटी सोडली. पुढं शेवटपर्यंत त्यांनी वारी केली.

लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानोबाराय ताटी लावून बसले, तेव्हा दाराशी कोण उभं राहिलं? धाकटी बहीणच. ताटीचे अभंग आपण म्हणतो, पण घरातल्या धाकटीचं आपण किती ऐकतो, हे ज्यानं त्यानं बघावं. माझी बहीण काही संत नव्हती. साधी शेतकऱ्याची बाई. पण मुक्ताईकडून जेवढं घेता येईल तेवढं तिनं घेतलं होतं.

काही मंडळींनी सुचवलं, आक्काच्या नावानं पाटी लावू. तुमची माया मोठी आहे, पण पाटी नको. पाटी उन्हापावसात पुसून जाते. तिची तुळस तिच्या सुनेनं यंदा मागून घेतलीय. राहिली तेलाची बाटली, ती मी घेतो. आणि रुसलेल्या माणसापुढं ताट घेऊन बसायचं काम, ते मात्र सगळ्या दिंडीनं घ्यावं. शंभर वर्षं दिंडी टिकली ती नुसत्या शिस्तीवर नाही. रुसलेल्याला माघारी आणणारी माणसं तिच्यात होती, म्हणून टिकली.

आषाढी जवळ आली की वाखरीला संतांच्या पालख्या येतात. मुक्ताईची पालखी खानदेशातून, पार तापीकाठाहून येते. सातशेच्या वर वर्षं झाली, तरी बहीण भावंडांना भेटायला येतेच आहे. यंदा तिचं दर्शन घेताना ज्याची बहीण आहे त्यानं तिला आठवणीनं फोन करावा, खुशाली विचारावी. ज्याची गेली असेल त्यानं खुशाल रडावं. मग डोळे पुसावे, टाळ हातात घ्यावे आणि चालू लागावं. मीही तेच करणार आहे.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! मुक्ताई माउली की जय!