जयपूर हाउसमधील अजिंठा



इंडिया गेटवरून आपण आजवर किती वेळा गेलो, याची गणती नाही. गावाकडचे पाहुणे आले की त्यांना तेथे न्यावयाचे, हा दिल्लीकर मराठी माणसाचा कुलाचारच होय. समोरची घुमटाची वास्तू आपण सर्वांनी पाहिली आहे. आत मात्र क्वचितच कोणी गेले असेल. दोष आमच्यापासूनच सांगतो. दिल्लीत येऊन बारा वर्षे झाल्यावर आम्ही जयपूर हाउसची पायरी चढलो, तीही पावसाने गाठले म्हणून.

या चौकाभोवती संस्थानिकांनी वाडे बांधले. त्यांतील जयपूरकरांचा हा वाडा ब्लॉमफील्ड यांच्या आराखड्यानुसार १९३६ साली उभा राहिला. मधोमध घुमट आणि दोहों बाजूंस फुलपाखराच्या पंखांसारखी दालने. संस्थाने गेली, वाडे उरले. हैदराबादचा वाडा परराष्ट्रीय पाहुण्यांच्या सरबराईस लागला. बडोद्याच्या वाड्यात उत्तर रेल्वेचे मुख्यालय आले. सयाजीरावांसारख्या कलाप्रेमी राजाच्या घरात फायली याव्यात, याची हळहळ आम्हांस वाटते. जयपूरच्या वाट्याला चित्रे आली. २९ मार्च १९५४ रोजी येथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. त्याचे पहिले संग्रहपाल डॉ. हरमन गोएट्झ हे त्यापूर्वी सयाजीरावांनी स्थापिलेल्या बडोदे संग्रहालयाचे संचालक होते. बडोद्याचा वाडा हुकला, तरी बडोद्याचा माणूस आला, असे म्हणून आम्ही समाधान मानतो.

त्या पावसाळी दुपारी आम्ही अमृता शेरगिलच्या ‘ब्रह्मचारी’ या १९३७ च्या चित्रापुढे थबकलो. उघड्या अंगाचे, पांढऱ्या धोतरांतील बटू. मागे तांबूस, मातकट रंग. चित्र दक्षिणेतले, पण हा रंग, ही स्तब्ध बसण्याची ढब आपण कोठे पाहिली आहे? उत्तर घरी परतताना सुचले : अजिंठ्यात! चित्रकर्ती बुडापेस्टला जन्मली, पॅरिसला शिकली. दक्षिणेच्या त्या प्रवासात तिने अजिंठ्याची लेणी पाहिली आणि तिच्या कुंचल्याचे वळण पालटले. १९४१ मध्ये लाहोरला ती गेली, तेव्हा अवघी अठ्ठावीस वर्षांची होती. तिच्या चित्रांचा मोठा संग्रह आज या वाड्यात आहे.

आपली मुले दिल्लीत जन्मली. अजिंठा त्यांना पाठ्यपुस्तकातील एका चौकोनी छायाचित्रापुरता ठाऊक. मंडळाच्या सहली आग्र्याला गेल्या, हरिद्वारला गेल्या. बसने अर्ध्या तासावर असलेल्या या वाड्याची आठवण पन्नास वर्षांत कार्यकारिणीला झाली नाही. आम्हीही त्या कार्यकारिणीत होतो.

२००९ साली मागे नवी इमारत झाल्यामुळे जागेची जुनी अडचण पुष्कळ दूर झाली आहे. मांडणी बदलत असते. ‘ब्रह्मचारी’ त्या दिवशी भिंतीवर नसतीलही. हरकत नाही, इतर पुष्कळ आहे. सोमवारी संग्रहालय बंद असते, म्हणून येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता फाटकाशी जमावे. मुलांना आणावे, आणि त्यांना घाई करू नये.