महिनाभराचे वाचन
(हिवरा आश्रम येथील भाषण)

गेल्या महिन्यात दिवसाची कामे उरकल्यावर आम्ही दोन पुस्तके वाचली. पहिले जोतीराव फुले यांचे १८८३ सालचे ‘शेतकऱ्याचा असूड’. कुणब्याला जन्माआधीपासून मेल्यानंतरही भिक्षुक कसे नाडतात, सावकार व कचेऱ्या कशा लुबाडतात, याचा त्यात चोख हिशेब आहे. पाणी शेतात मुरावे म्हणून ताली-बंधारे घाला, हा उपायही आहे.

दुसरे ‘स्त्रीपुरुषतुलना’. ते लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्याच बुलढाण्याच्या! सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर १८८१ साली बालहत्येचा खटला चालला. सारा दोष बाईच्याच माथी का, असे ताराबाईंनी १८८२ साली छापून विचारले. पुष्कळांनी निंदा केली. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. पुढे ते पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले.

बंधूंनो, असूडाचे फटके दुसऱ्याच्या पाठीवर पडले की आपण टाळ्या पिटतो. ताराबाईंचा सवाल मात्र आपल्याच घरच्या पुरुषाला आहे. सबब दोन्ही पुस्तके घरी मोठ्याने वाचा, चुलीपुढच्या माउलीला ऐकू जातील अशी वाचा. आणि लेकीची शाळा मध्येच सोडवू नका. उद्या ती वाचील, आपण ऐकू.