पात्र कोण होणार, हे आम्हालाही विचारा

शाल-श्रीफळ झालं. आता मी भांडायला उभा आहे, आणि ज्यांच्याशी भांडायचं त्यांतले निम्मे याच मंडपात बसले आहेत.

आपल्या वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडची हळद आता या नावाने विकता येणार नाही. आमच्या कथेतली बाई मात्र पडद्यावर कुठलीही चालते! माझ्या एका कथेवर लघुपट निघाला. कथेतली बाई हळद शिजवणारी. कढईतली हळद उपसून, गट्टू आणि कांडी वेगळी करून तिची नखं मुळापासून पिवळी पडलेली. भाकरी थापताना तो रंग पिठाला लागतो, सासू त्यावरून बोलते आणि कथा तिथूनच पेटते. चित्रीकरणाला मला बोलावलं ते नारळ फोडायला. समोर नटी उभी: गालाला काजळी फासलेली, हात स्वच्छ, नखं गुलाबी. आमच्या "कुठं जायलास?"चं तिने "कुठं निघालासा?" केलं. मी हटकलं तर उत्तर आलं, "सर, ग्रामीणच आहे की!" कोल्हापूरची बोली मला प्रिय आहे. पण कयाधूच्या काठावर ती कुणी बोलत नाही, आणि ग्रामीण नावाची कुठलीच बोली महाराष्ट्रात नाही.

लेखकाला नटांची पारख कुठे असते, असं विचारतात. विचारू द्या. गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत'वर 1977 साली जब्बार पटेलांनी चित्रपट केला. नाग्या झाले मोहन आगाशे, चिंधी झाल्या स्मिता पाटील. ठाकरवाडीत जन्मलेलं त्यांच्यातलं कुणीच नव्हतं, तरी ती माणसं डोंगरातलीच वाटतात. 'सिंहासन'मध्ये तर पडद्यावरचा खलनायक म्हणून ज्यांना घराघरांत शिव्या पडायच्या, त्या निळू फुल्यांना दिगू टिपणीस हा पत्रकार दिला. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांतला दिगू आज मला दुसऱ्या चेहऱ्याने आठवतच नाही. तेव्हा नटाचा जन्मदाखला मी मागत नाही. निवड चालू असताना लेखकाला त्या खोलीत बसवा आणि बोली शिकायला नटाला दिवस द्या, एवढं मागतो. हॅरी पॉटरच्या चित्रपटांत नट ब्रिटिशच हवेत, असा जे. के. रोलिंग यांनी आग्रह धरला आणि अमेरिकेतल्या बड्या स्टुडिओला तो मानावा लागला.

आपली तेवढी ताकद नाही म्हणता? कायदा तर आहे. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी'वर चित्रपट निघाला, तेव्हा कथेची मोडतोड केली म्हणून त्या कोर्टात गेल्या. हक्क विकल्यानंतरही कृतीची विटंबना रोखण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो, हे कॉपीराइट कायद्याचं कलम 57 दिल्ली उच्च न्यायालयाने 1986 साली त्यांच्या बाजूने उचलून धरलं. पण ही भांडणं सिनेमा तयार झाल्यावरची. नट कोण घ्यायचा, यात लेखकाला विचारलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. ते करारात लिहून घ्यावं लागतं, आणि तिथेच आपण कच खातो. "सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमचे" असं छापलेल्या कागदावर, नाव पडद्यावर झळकेल या आशेने, आपण न वाचता सह्या ठोकतो. मीही ठोकली होती. त्या सहीने माझ्या कथेतल्या बाईचे हात गेले.

म्हणून आज ठराव मांडतो. करारात दोन ओळी आल्याच पाहिजेत: प्रमुख पात्रांची निवड लेखकाशी बोलून होईल, आणि बोलीचा जाणकार चित्रीकरणावर हजर राहील. निर्माता नाही म्हणाला तर कथा परत आणा. आणि ज्यांच्या घरी जुने करार पडून आहेत त्यांनी ते बाहेर काढा. कलम 19 सांगतं, मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं ठरलं नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. जेवणाच्या सुट्टीत मी मंडपामागच्या लिंबाखाली बसणार आहे, एक वकील मित्रही सोबत आहेत. कागद घेऊन या. एकेक वाचून काढू.