भिंतीवरचं माझं नाव

आज आधी एक कबुली. सातवीत असताना आमची सहल धाराशिव लेण्यांवर गेली होती. सर पुढं माहिती सांगत होते आणि मी मागं थांबून टोकदार दगडानं भिंतीवर माझं नाव कोरत होतो. तेव्हा फार भारी वाटलं होतं.

ते नाव मला परत आठवलं भीमबेटक्याला. मित्राच्या लग्नाला भोपाळला गेलो होतो, तिथून हे ठिकाण साधारण ४५ किलोमीटर. १९५७ साली विष्णू श्रीधर वाकणकर रेल्वेनं भोपाळकडे निघाले होते. उज्जैनला काम करणारा आपला मराठी माणूस. खिडकीतून त्यांना हे कातळ दिसले आणि शंका आली, इथं चित्रं असणार. शोध घेतला, तर खरंच होती! आपण काय, खिडकीची सीट मिळाली तरी रील्स बघतो.

त्या परिसरात सातशेहून जास्त शैलाश्रय आहेत. २००३ पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत. शिकार, फेर धरून नाच, ढोल, मध काढणारी माणसं, सगळं लाल-पांढऱ्या रंगात. लाल रंग गेरूसारख्या लोहयुक्त दगडाचा. त्यातली जुनी चित्रं अंदाजे दहा हजार वर्षांपूर्वीची मानतात.

एका कातळावर शिंगं असलेला, रानडुकरासारखा भला मोठा प्राणी माणसाच्या मागं लागलाय. माणूस इवलासा, जीव घेऊन पळणारा. आपण ज्यांना ‘आदिमानव’ म्हणून हसतो, त्यांनी स्वतःची भीती काढून ठेवली. आपण तर फोटोला फिल्टर लावल्याशिवाय टाकत नाही.

आणखी एक गोष्ट. एकाच भिंतीवर वेगवेगळ्या काळातली चित्रं एकमेकांवर आहेत. जुन्या हरणांच्या अंगावरून नंतरच्या काळातले घोडेस्वार गेलेत, तरी खालचं हरीण दिसतंच. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडं नवा माणूस आला की म्हणतो, जुना कोड उडवा, परत लिहू. इथं हजारो वर्षं माणसं येत राहिली आणि आधीच्याचं काम खाली तसंच राहिलं. त्या जुन्या चित्रकारांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. चित्र मात्र आहे.

माझं उलटं झालंय. नाव आहे, बाकी काहीच नाही.

गावी आल्यावर लेण्यांवर जाऊन आलो. दोन मिनिटांत नाव सापडलं. पुसावं म्हटलं, तर घासल्यानं दगडच आणखी झिजणार. म्हणजे ते आता राहणार. शेजारी दोन नवी नावंही दिसली, एक बाण मारलेला बदाम आणि तारीख. रागवायचा अधिकार मला नव्हता.

तर मंडळी, लेणी असो की किल्ला, जरूर जा. डोळे भरून बघा, फोटो काढा. फक्त हात खिशात ठेवा. सोबत लहान पोरं असतील, तर त्यांना माझा हा किस्सा सांगा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!