बॅरिस्टरांचा प्रपंच



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो ‘एक कुटुंबवत्सल वकील’ असा. कोणाविषयी बोलायचे ते माझ्यावर सोपवले. मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी बोलणार आहे. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांच्यावर व्याख्याने पुष्कळ होतात, शेलारलाही झाली आहेत. परंतु त्यांचे घर आणि त्यांचा काळा कोट, या दोहोंकडे एकत्र पाहण्याची सवय आपल्याला नाही. आज तेवढेच पाहू.

वकिलाचे घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंगला येतो. हे बॅरिस्टर राहत होते परळच्या बी. आय. टी. चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत. गिरणीकामगारांच्या वस्तीतली ती चाळ. ग्रेज इनची बॅरिस्टरी घेऊन १९२३ साली ते परतले, तेव्हा सनदेची फी भरण्याइतकेही पैसे जवळ नव्हते. ती अडचण नवल भथेना या पारशी मित्राने भागवली. पुढे ब्रीफ देणारे सॉलिसिटर अस्पृश्याच्या हाती काम सोपवायला कचरत. अशील येत ते बहुधा गोरगरीब. म्हणून १९२५पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी घरखर्चाला हातभार लावला. भावजय लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद हेही याच घरचे. पदवी कितीही मोठी असली, तरी महिन्याच्या अखेरीचे गणित या घराला चुकले नव्हते.

हे गणित सोडवीत होत्या रमाबाई. पती परदेशी शिकत असताना त्या मुंबईत हालअपेष्टा काढीत होत्या. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. यशवंत तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू ही लहानपणीच गेली आणि १९२६च्या जुलैत धाकटा राजरत्न गेला. त्यानंतर बाबासाहेबांनी दत्तोबा पवार या स्नेह्याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. सभा गाजवणारा हा पुरुष त्या पत्रात एक खचलेला बाप आहे.

आणि त्याच १९२६ साली पुण्याला ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाचा खटला चालला. केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर प्रभृतींची बाजू मांडायला हेच वकील उभे राहिले आणि अपिलात त्यांना सोडवून आले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यावरून जो दिवाणी दावा गुदरला, त्यात बॅरिस्टर स्वतःच प्रतिवादी! त्या दाव्याचा अखेरचा निकाल मुंबई हायकोर्टात लागला १९३७च्या मार्चमध्ये. एका तळ्याचे पाणी कायद्याने मिळवायला दहा वर्षे लागली. पण तो निकाल ऐकायला रमाबाई उरल्या नव्हत्या. त्या २७ मे १९३५ रोजी राजगृहात वारल्या. नवे घर त्यांना जेमतेम दोन वर्षे लाभले. बाबासाहेब कित्येक दिवस विरक्तासारखे राहिले असे चरित्रकार सांगतात. तरी त्याच जूनमध्ये सरकारी लॉ कॉलेजच्या प्राचार्यपदाचे काम त्यांनी हाती घेतले. पुढे पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांनी ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण केला.

आता कोणी मला विचारील, की ज्याने बायकोला वर्षानुवर्षे एकटे ठेवले, जो रात्र रात्र पुस्तकांत बुडालेला असे, त्याला कुटुंबवत्सल कसे म्हणता? प्रश्न रास्त आहे आणि चळवळीतल्या प्रत्येकाच्या घरी तो विचारला जातो. त्या घराने मोठी किंमत मोजली, ती आपण झाकू नये. रमाबाईंना त्यागमूर्ती म्हणून हार घातला म्हणजे ती किंमत फिटत नाही. पण ती किंमत देऊन घेतले काय, तेही पाहिले पाहिजे.

१९२८च्या जुलैत मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे बिल आले. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळावा, त्या काळात पैसे मिळावेत, एवढीच मागणी. मालकांवर बोजा पडेल अशी ओरड झाली. तेव्हा आंबेडकर उभे राहिले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा; परंतु सरकार उचलीत नाही तोवर, जो मालक तिच्या श्रमाचा नफा घेतो त्याने तो सोसावा, असे त्यांचे म्हणणे. १९२९ साली तो कायदा झाला. देशातला त्या प्रकारचा तो पहिला कायदा. राजरत्न जाऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. घरच्या दुःखातून हे भाषण निघाले असे मी म्हणणार नाही. तसे त्यांनी म्हटलेले नाही. पण बोलणाऱ्याला तान्हे मूल म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणण्याचे बिल त्यांनी मांडले. १९४६ साली ते मंजूर झाले. आठ तासांचा दिवस म्हणजे काय, बंधूंनो? बापाला जागे असलेले मूल दिसणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि हिंदू कोड बिल तर उघडच घराचा कायदा. मुलीला वारसा, बाईला घटस्फोटाचा हक्क, पुरुषाला एकच बायको. ते रखडले म्हणून सप्टेंबर १९५१मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. त्याचेच तुकडे १९५५ आणि १९५६ साली कायदे होऊन आले.

मी यंत्रमागाच्या गावात बोलतो आहे. मागावर बारा बारा तासांच्या पाळ्या चालतात, हे इथे कोणाला सांगायला नको. पुष्कळांची बायकामुले मुलखात, आणि हे आठ-दहा जण एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. कायद्याने आज बाळंतिणीला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण जिचे नाव हजेरीपटावरच नाही, त्या कांडी भरणाऱ्या बाईला, गोदामात माल निवडणाऱ्या बाईला ती कोण देणार? म्हणून आम्ही संघटनावाले हजेरीपटासाठी भांडतो, तेव्हा लोकांना ते कारकुनी भांडण वाटते. ते आईच्या विसाव्याचे भांडण असते.

कुटुंबवत्सल माणूस आपल्या मुलासाठी खाऊ आणतो, ते चांगलेच आहे. या वकिलाने मुलाबाळांच्या वाट्याचा वेळ कायद्यात लिहून आणला, सर्वांच्या मुलांसाठी. त्याच्या घराला मात्र त्यातले फार थोडे मिळाले. तेव्हा आपल्यावर दोन कामे येतात. पहिले, लिहिलेले तास आणि रजा प्रत्यक्षात वसूल करणे. दुसरे, चळवळीच्या नावाखाली आपल्या घरच्या रमाबाईला एकटी न सोडणे. उद्या सभेला येताना तिलाही बरोबर आणा. आणि तिला येता यावे म्हणून आज रात्रीची भांडी तुम्ही घासा. एवढे सांगून आपली रजा घेतो.