रिकाम्या गाडीचे चाक

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

श्रोतेहो, गाडी जवळजवळ जागच्या जागी उभी ठेवून तिची मागची चाके इतक्या वेगाने फिरवायची, की टायर रस्त्यावर घासून तापावेत आणि त्यांतून पांढऱ्या धुराचे लोट उठावेत, असा एक खेळ आहे. इंग्रजीत त्याला 'बर्नआउट' म्हणतात. आपण त्याला टायर जाळणे म्हणू. शाळामास्तराने ह्या विषयावर का बोलावे, असे कोणास वाटेल. परंतु मोबाइलच्या पडद्यावर आमचे विद्यार्थी आज ज्या गोष्टी डोळे विस्फारून पाहतात, त्यांत ही एक आहे. आणि ज्या गोष्टीने मुलांचे डोळे विस्फारतात तिच्याकडे शिक्षकाने पाठ फिरवणे बरे नव्हे.

ह्या खेळाचा उगम मात्र खेळात नाही, कामात आहे. अमेरिकेत पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची सरळ रेषेतली मोटार शर्यत पूर्वीपासून चालते. तिला 'ड्रॅग' शर्यत म्हणतात. शर्यत सुटण्यापूर्वी चालक मागची चाके थोड्या पाण्यात भिजवून क्षणभर गरगरा फिरवतात. त्यामुळे टायरवरची धूळ जाते, रबर तापून चिकट होते आणि रस्त्याला अधिक घट्ट धरते. म्हणजे मूळ हेतू पकड वाढवण्याचा होता. पुढे धूर आणि आवाज हेच लोकांना आवडू लागले. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे १९८८ पासून भरणाऱ्या 'समरनॅट्स' मेळाव्यात तर टायर जाळण्याच्या स्पर्धाच होतात. हेतू गळून पडला आणि देखावा तेवढा उरला.

ह्या देखाव्यात जुन्या, जड डिझेल पिकअप गाड्यांचे एक वेगळेच स्थान आहे. १९८९ साली अमेरिकेतील डॉज कंपनीने आपल्या पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन बसवले. त्याची अश्वशक्ती केवळ १६० होती. पण चाक फिरवण्याचा जोर, ज्याला मेकॅनिक लोक 'टॉर्क' म्हणतात, तो सुमारे ५४२ न्यूटन-मीटर होता. शेतावर ओझी ओढण्यासाठी घडवलेले हे यंत्र पुढे हौशी लोकांच्या हाती गेले, आणि ओझ्यावाचून आपला जोर दाखवू लागले.

आता आपल्या पर्वत पाटियाकडे वळू. सुरतेच्या कापडधंद्याचा हा नित्याचा मार्ग आहे. एका अंगाला सहारा दरवाजा आणि रिंग रोडची कापडबाजारे, दुसऱ्या अंगाला सारोलीची नवी मार्केटे, आणि मधून दिवसभर साड्यांची पार्सले वाहणारे टेम्पो. १९८६ साली आलेली टाटा ४०७, तिच्या मागून आलेली टाटा २०७, महिंद्राच्या पिकअप, ह्या गाड्यांच्या पाठीवर सुरतेचा व्यापार चालतो असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ह्या गाड्या चालवणाऱ्यांत आणि त्यांवर क्लीनर म्हणून उमेदवारी करणाऱ्यांत नंदुरबार, धुळे, जळगावकडची आपली मुले थोडी नाहीत. तापीखोऱ्याच्या रेल्वेने त्यांचे वाडवडील उधन्याला उतरले आणि लिंबायत, डिंडोलीत स्थिरावले. अशा मुलाच्या हाती रात्री माल उतरवलेली गाडी येते, खिशात मोबाइल असतो, आणि त्यात अमेरिकेतल्या पिकअपचा धूर दिसतो. मोह होतो, ह्यात आश्चर्य काय?

मोहाची चर्चा बाजूस ठेवून आधी शास्त्र पाहू. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्याने १८९२ साली आपल्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला आणि १८९७ साली त्याचे इंजिन यशस्वी रीतीने चालले. ह्या इंजिनात ठिणगी नसते. हवाच इतकी दाबायची, की ती तापून तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेटावे. दाबलेल्या हवेचा हा रेटा मोठा असतो, आणि इंजिन सावकाश फिरत असतानाच तो चाकापर्यंत पोहोचतो. भरलेली गाडी चढावर जागेवरून हलवण्यासाठी नेमके हेच हवे असते.

एक साधा हिशेब करू. समजा, इंजिनाचा जोर २० किलो-मीटर आहे. पहिल्या गिअरने तो पाचपट झाला आणि मागच्या क्राऊन-पिनियनने आणखी चौपट झाला. म्हणजे एक्सलवर ४०० किलो-मीटर जोर आला. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर धरली, तर चाक रस्त्याला सुमारे ११४० किलो वजनाइतक्या रेट्याने मागे ढकलते. आता रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांवर ७०० किलो भार आहे असे समजा. कोरड्या रस्त्यावर टायरची पकड साधारणपणे त्या भाराच्या आठ दशांश, म्हणजे ५६० किलोइतकी. रेटा ११४० आणि पकड ५६०! चाक घसरणारच. परंतु हौद्यात हजार किलोची पार्सले भरा. मागच्या चाकांवरचा भार १७०० झाला, तर पकड १३६० होते. आता तेच इंजिन, तोच गिअर, तोच क्लच; पण चाक रस्त्यावर जागच्या जागी फिरत नाही, गाडी पुढे जाते.

श्रोतेहो, आजच्या भाषणाचे सार ह्या हिशेबात आहे. पाहणाऱ्यास वाटते, केवढी ही ताकद, की टायरसुद्धा जळला! वस्तुतः टायर जळतो तो ताकद अधिक म्हणून जितका, तितकाच भार कमी म्हणून. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपल्याकडे म्हणतात, ते येथे तंतोतंत लागू पडते. माझा एक जुना विद्यार्थी आता पिकअप चालवतो. त्याला मी हा हिशेब सांगितला, तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, भरलेल्या गाडीत असं करायचं सुचतच नाही. मागे लोकांचा माल असतो ना." त्याचे ते वाक्य माझ्या साऱ्या गणितापेक्षा सोपे होते.

ह्या खेळात गाडीचे काय होते, तेही पाहू. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून मागच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शिअल नावाची योजना असते. फ्रान्समधील पेक्यूर ह्या कारागिराने १८२७ साली तिचे पेटंट घेतले. तिचा गुण असा, की दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. हाच येथे दोष ठरतो. ज्या चाकाची पकड आधी सुटते तेच एकटे फिरू लागते आणि दुसरे स्वस्थ राहते. म्हणून साध्या पिकअपच्या मागे रस्त्यावर पुष्कळदा दोन नव्हे, एकच काळा पट्टा उमटतो. अशा वेळी फिरणारे चाक काट्यावर दिसणाऱ्या वेगाच्या दुप्पट वेगाने फिरत असते. काटा ६० दाखवतो, तेव्हा ते चाक १२० चा वेग गाठते. काटा ७० वर गेला, की १४० चा. टायरच्या बाजूवर वेगमर्यादेचे एक इंग्रजी अक्षर छापलेले असते. 'एल' म्हणजे १२० किलोमीटर, 'एन' म्हणजे १४०. चालकाला वाटते, आपण मर्यादेच्या आत आहोत; टायर मात्र ती कधीच ओलांडून गेलेला असतो. त्यातच डिफरन्शिअलमधील लहान दंतचक्रे वळणापुरती सावकाश फिरण्यासाठी केलेली असतात. त्यांना असे गरगर फिरवले, की तेलाचा पदर तुटतो आणि ती झिजतात किंवा धरतात. क्लच प्लेट जळते, ती वेगळीच. नव्या गाड्यांपैकी कित्येकींत चाक घसरू लागताच इंजिनाला आवर घालणारी विजेची योजना असते. जुन्या गाडीत तशी सोय नाही. तेथे आवर घालणारा एकच, तो म्हणजे चालवणारा.

टायरचीही कथा ऐकण्यासारखी आहे. चार्ल्स गुडइअरने १८३९ साली गंधक आणि उष्णता ह्यांच्या योगाने कच्च्या रबराला टिकाऊपणा आणला. उष्णतेनेच रबर पक्के होते; पण तीच उष्णता प्रमाणाबाहेर गेली की त्याचे बंध तोडते. आपल्या मालवाहू गाड्यांना अनेकदा जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले, म्हणजे रिमोल्ड टायर असतात. जुने आणि नवे रबर जेथे सांधलेले असते, त्या सांध्याचा मोठा शत्रू उष्णता हाच होय. जागच्या जागी फिरणाऱ्या टायरचा वरचा थर सुटून उडाला, तर मडगार्ड फाडून जाण्याइतका त्याला वेग असतो. बाजूला मोबाइल धरून उभा असलेला मित्र त्या वेळी किती जवळ असतो, ह्याचा विचार करावा.

परंतु सर्वांत मोठा धोका त्या क्षणी दिसतच नाही. कायद्याप्रमाणे अशा गाडीच्या टायरवरील खाचा निदान १.६ मिलिमीटर खोल असाव्या लागतात. ह्या खाचा शोभेसाठी नसतात. पावसात रस्त्यावरचे पाणी त्यांतून बाजूला फेकले जाते आणि रबर डांबराला टेकते. खाचा नसतील, तर चाक पाण्याच्या पापुद्र्यावर तरंगू लागते आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. मे महिन्यात कौतुकापायी जाळलेली नक्षी जुलैत परत मिळत नाही. आणि जुलैत ती गाडी चालवणारा बहुधा दुसराच कोणी असतो. पुणा-कुंभारिया रस्त्यावर पाणी साचलेले, मागे माल भरलेला, पुढे शाळा सुटलेली. त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसते, की आपल्या ब्रेकमधला काही भाग दोन महिन्यांपूर्वी कोणी धुरात उडवून टाकला आहे. खेळ एकाचा आणि किंमत दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

आता धुराविषयी. जुन्या डिझेल इंजिनाला हवेच्या मानाने तेल अधिक मिळाले, की काळा धूर निघतो. डिझेलच्या धुराने मनुष्यास कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला आहे. टायरचे उडालेले कण तर पावसाबरोबर गटारात, गटारातून खाडीत आणि नदीत जातात. टायर तडकू नयेत म्हणून रबरात जे एक द्रव्य घालतात, त्याचा हवेतील ओझोनशी संयोग होऊन झालेला पदार्थ 'कोहो' जातीचे सामन मासे मारतो, असे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०२० साली दाखवून दिले. तो मासा आपल्या तापीत नाही, हे खरे. पण रबर तेच आहे, आणि पाणी अखेर नदीलाच मिळते.

कायदाही येथे मुका नाही. मोटार वाहन कायद्याचे १८४ वे कलम धोकादायक वाहनचालनाविषयी आहे. पहिल्याच अपराधाला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून रस्त्यावर शर्यत लावण्यास १८९ वे कलम मनाई करते. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९९ अ हे कलम प्रत्येक पालकाने ध्यानी धरावे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना अपराध केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. ज्या घराची चूल त्याच एका गाडीवर पेटते, त्या घराने बारा महिने काय करावे?

असो. मुलांना नुसते नको म्हणून भागत नाही. मला त्यांच्या ह्या वेडात एक चांगली गोष्टही दिसते. ज्या मुलाला वर्गात घर्षणाचा नियम पाठ होत नाही, तोच मुलगा गाडी कोणत्या गिअरमध्ये किती ओढते, हे बिनचूक सांगतो. ही बुद्धी वाया जाऊ देणे हा आपला करंटेपणा होईल. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने एखादे दिवशी वर्गात फळ्यावरच्या ठोकळ्याऐवजी पिकअपचे मागचे चाक काढावे आणि आत्ता केला तोच हिशेब मुलांकडून करून घ्यावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. ज्याला इंजिनाची ओढ आहे त्याला ती वाट घरच्यांनी दाखवावी. गाडीच्या मालकांनीही रात्री गाडी कोणाच्या हाती जाते आणि सकाळी टायर कसे दिसतात, ह्यावर लक्ष ठेवावे. आणि कोणास शर्यतीचाच ध्यास असेल, तर त्यासाठी बंदिस्त मैदान, शिरस्त्राण, पंच आणि परवानगी ह्यांचा रस्ता मोकळा आहे. सार्वजनिक रस्ता हे ते मैदान नव्हे.

पहाटेच्या वेळी सारोलीच्या मार्केटांकडे जाणाऱ्या गाड्या पाहाव्यात. हौदा काठोकाठ भरलेला, पाटे दबलेले, इंजिन सावकाश घुमत असते. क्लच हळूच सुटतो, चाक रस्त्याला धरते आणि दीड-दोन टनांचे ओझे मुकाट्याने पुढे सरकते. तेथे धुराचे लोट नाहीत, टाळ्या नाहीत, मोबाइल रोखून कोणी उभे नाही. डिझेल इंजिनाचा खरा जोर पाहायचा असेल, तर तो तेथे पाहावा.