लुनाच्या क्लचची स्प्रिंग
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी बजावलंय, 'काहीही बोल, पण दहा मिनिटांत आटप.' माझ्या आधी बोललेल्यांत डॉक्टर झाले, बँकेतले साहेब झाले, परदेशातून खास आलेले झाले. माझं इथंच, पनवेलात, टू-व्हीलरचं गॅरेज आहे. तेव्हा जे हाताला कळतं त्यावरच बोलतो. विषय आहे मोपेडच्या क्लचमधल्या स्प्रिंगा. हसा हवं तर, पण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी कधी ना कधी लुना होती.

लुना आपल्या महाराष्ट्राची. कायनेटिक इंजिनिअरिंगनं ती 1972 साली आणली. इंजिन 50 सीसीचं, गियर नाहीत, पायडल मात्र सायकलसारखं. म्हणजे इंजिन लावलेली सायकलच म्हणा. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, नोकरी करणाऱ्या बायका, सगळ्यांना ती परवडली. 2024 साली तिचंच नाव घेऊन विजेवर चालणारी ई-लुना आली. पण जुनी पेट्रोलवाली लुना अजून कित्येकांच्या पडवीत गोणपाटाखाली उभी आहे. हल्ली मुलं-नातवंडं ती बाहेर काढतात आणि माझ्याकडे घेऊन येतात. पहिली मागणी ठरलेली असते, 'काका, क्लचला हार्ड स्प्रिंगा टाका. पिकअप वाढतं म्हणे.'

वाढतं का? सांगतो.

या गाडीला हातानं दाबायचा क्लच नाही. इंजिनाबरोबर फिरणारे क्लच शू असतात, त्यांना लायनर चिकटवलेला असतो, आणि स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. बाहेरून ड्रम असतो. रेस दिली की शू बाहेर फेकले जातात, ड्रमला घासतात, धरतात आणि गाडी निघते. शाळेत सरांनी दोरीला दगड बांधून गरगर फिरवून दाखवला होता, तेच हे. शेतात पाखरं हाकायची गोफण ज्यांनी फिरवलीय, त्यांना तर हा धडा हातानंच पाठ आहे.

आता थोडं गणित. फेरे दुप्पट झाले तर बाहेर जायची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट फेऱ्यांना नऊपट. हजार फेऱ्यांची ओढ 1 धरा. मग 2000 ला 4 आणि 3000 ला 9. समजा मूळ स्प्रिंगेचं बळ 4 आहे. म्हणजे क्लच 2000 ला टेकायला लागेल. 3000 ला ड्रमवर दाब किती? 9 वजा 4, म्हणजे 5.

आता दुप्पट कडक स्प्रिंग टाकू. बळ 8. क्लच टेकणार साधारण 2800 ला. तोवर इंजिन चांगलं रेसमध्ये आलेलं असतं. टू-स्ट्रोकचं लहान इंजिन कमी फेऱ्यांना मरगळलेलंच असतं, त्यामुळे गाडी उसळी मारून निघते. पोरगं खूश! पण 3000 ला दाब किती उरला? 9 वजा 8, म्हणजे 1. पाचातला एक. कडक स्प्रिंग क्लचला जास्त घट्ट धरायला लावत नाही. ती क्लचला उशिरा धरायला लावते, आणि त्याच फेऱ्यांना पकड कमी करते. हे वाक्य मी गॅरेजात रोज बोलतो.

सपाट रस्त्यावर हे कळत नाही. कळतं ते चढावर. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कर्नाळ्याच्या पलीकडून एक दूधवाला यायचा. लुनाच्या दोन्ही बाजूंना कॅन, पुढं किटल्या. कुणीतरी त्याला हार्ड स्प्रिंगा टाकून दिल्या होत्या. बाजारात गाडी हरणासारखी निघायची. पण कर्नाळ्याच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, चाक फिरायचं नाही आणि लायनर जळल्याचा वास सुटायचा. मागून गोव्याकडची ट्रकची रांग, आणि हा भरलेल्या कॅनसकट जागेवर. गाडी मागं सरकली असती तर काय झालं असतं, ते सांगायला नको. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, 'अजून कडक स्प्रिंग मिळेल का?'

गाडी उघडली. लायनर काचेसारखा गुळगुळीत, ड्रम तापून निळा. मी वरचं गणित त्याला दुधाच्या हिशेबाच्या वहीवरच मांडून दाखवलं. मूळ मापाच्या स्प्रिंगा टाकल्या, लायनर आणि ड्रम बदलला. आणि स्पष्ट सांगितलं, 'भाऊ, हे ओझं एका खेपेचं नाही. दोन खेपा करा, आणि चढावर निघताना पायडल मारा, ते त्यासाठीच दिलंय.' तो नाराज झाला. दुसरी खेप म्हणजे पेट्रोल वाढणार, वेळ जाणार, आणि उन्हाळ्यात दूध कुणासाठी थांबत नाही. त्याचा राग मला समजत होता. पण हिशेब त्याचाच होता आणि जीवही त्याचाच. पुढं वर्षभर तो क्लचसाठी आला नाही. आला तो प्लग बदलायला, आणि जाताना अर्धा लिटर दूध ठेवून गेला.

मग स्प्रिंगा बदलायच्याच नाहीत का? बदलायच्या. जुन्या स्प्रिंगा तापून तापून ढिल्या पडतात. मग क्लच आयडलिंगलाच धरायला लागतो. सिग्नलला उभी गाडी पुढं ओढते नाहीतर बंद पडते. खूण सोपी आहे. गाडी स्टँडवर घ्या, इंजिन आयडलिंगला ठेवा. चाक जोरात फिरत राहिलं तर आधी आयडलिंग तपासा, मग स्प्रिंगा. बदलताना सगळ्या एकदम बदला, लांबी एकमेकींशी जुळवून बघा. एक नवी आणि बाकी जुन्या ठेवल्या तर एक शू आधी टेकतो आणि गाडी थरथरते. ऑइल सील गळत असेल तर आधी ते बघा. तेलकट लायनरला कुठलीच स्प्रिंग वाचवत नाही. ब्रेक मात्र सगळ्यात आधी.

आणि नातवंडांना एक सांगा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार 50 सीसीची दुचाकी 16 व्या वर्षी चालवता येते, पण लायसन्स घेऊनच. सायकलला इंजिनाचं किट बसवणाऱ्यांनीही आधी कायदा बघावा आणि मग पाना हातात घ्यावा.

मित्रांनो, वर्गात मी मागच्या बाकावर. दहावीनंतर आयटीआयला गेलो तेव्हा घरी दोन दिवस कुणी धड बोललं नव्हतं. पण सरांनी फिरवलेला तो दगड मी रोज वापरतो. तो आपल्या सगळ्यांना एकदमच शिकवला होता, पुढच्या बाकांना वेगळा नव्हता. म्हणून एक मागणं आहे. ज्यांच्या पडवीत लुना पडून आहे त्यांनी ती भंगारात घालू नये. शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावी. ड्रमला खिडकी कापून क्लच आतून दिसेल असा मी फुकट करून देतो, आणि नववीच्या मुलांसमोर स्वतः येऊन फिरवून दाखवतो. पहिली गाडी माझी. ती मी आजच टेम्पोत घालून आणलीय, बाहेर उभी आहे. जेवणाआधी चार जणांनी हात लावा, उतरवून घेऊ.